फ्लेक्सवरचं पदक

प्रिय तेजू,

माझं सगळं बदललं ते सव्वीस जानेवारीला सकाळी, तुझ्या पप्पांनी आमच्या शाळेपुढच्या फ्लेक्सकडे मान वर करून पाहिलं तेव्हा. माईक, कॉलर, ढकलाढकली हे सगळं नंतरचं. त्याचा व्हिडिओ तुझ्यापर्यंत आलाच असणार. पण त्याआधी आठ-दहा सेकंद ते नुसते उभे होते. आधी गोरक्षदादाचा चेहरा पाहिला, मग त्यांची नजर फोटोतल्या छातीवर उतरली आणि तिथेच थांबली. मी शेजारी हार घेऊन उभा होतो. मला वाटलं, सुभेदार साहेब भारावले.

तू नंबर ब्लॉक केलास, ते बरोबर केलंस. म्हणून हा कागद. आई शेतावर गेलीय, मी सेकंड शिफ्टला जाणार नाहीये. सुपरवायझरला कळवलंही नाही. एरवी त्याचा फोन आला असता तर मी दोन शिव्या हासडल्या असत्या. आज मगाशी तीनदा आला. मी स्क्रीनकडे बघत बसलो, तो आपोआप थांबला.

दादाचं तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे, एकदा सलग सांगतो. तो तोफखान्यात. दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या सरावात तोफ गाडीला जोडत होते, ओल्या उतारावर ती सरकली आणि चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं. सीमा तिथून शेकडो मैल लांब. त्या दिवशी जेवणाची सुट्टीसुद्धा वेळेवर झाली म्हणे. पाय गुडघ्याखालून काढला. आईला त्यानं फोनवर सांगितलं, बारीक लागलंय. पुढे कृत्रिम पाय बसला, आणि फौजेनं त्याला घरी न पाठवता स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. त्याला तेच हवं होतं. ही मुभा मात्र कायमची नसते. ठरावीक काळानं त्याची फाइल पुन्हा वर जाते, आणि त्यावर साहेबांचा शेरा कसा येतो त्यावर तो वर्दीत राहणार की नाही हे ठरतं.

आता फ्लेक्सचं. आमच्याकडे चाकणच्या पट्ट्यात कुणाचा वाढदिवस असो की कुणी ट्रॅक्टर घेवो, फ्लेक्स लागतोच. सव्वीस जानेवारीला दादा सुट्टीवर येणार होता, त्याचा सत्कार करायचं मी ठरवलं. त्याला न विचारता. सुजितच्या दुकानात दादाचा वर्दीतला फोटो घेऊन गेलो. सुजितनं तो मोठा केला, मान तिरकी केली आणि म्हणाला, 'भावा, छाती मोकळी दिसतीय राव. एखादं मेडल टाकू का?' मी चिडलोच. म्हटलं, पाय गेलाय त्याचा, मोकळी कशी असेल? मग तिथेच मोबाइलवर शोधलं. पराक्रम पदक. जखमी जवानांना देतात, एवढं वाचलं. पुढची ओळ वाचली नाही. सुजितनं कुठल्यातरी दुसऱ्याच फौजीच्या फोटोतून ते उचललं आणि दादाच्या खिशावर नीट बसवलं. खाली मी मजकूर सांगितला, 'पराक्रम पदकाचे मानकरी'. सुजित म्हणाला, प्रमुख पाहुण्यांचं नाव मोठं टाकू का? प्रमुख पाहुणे म्हणजे तुझे पप्पा. मी म्हटलं, सगळ्यात मोठं टाक.

दादा आदल्या संध्याकाळी रिक्षातून उतरला आणि फ्लेक्सखाली थांबला. मला म्हणाला, हे काढ. मी म्हटलं, उद्या कार्यक्रम झाला की लगेच काढतो, गावात पत्रिका गेल्यात. तो बॅग उचलून घराकडे चालू लागला. त्याचं बोलणं त्या उतारावरच कमी झालंय. सकाळी वर्दी घाल म्हणून मी किती मागे लागलो, तर त्यानं साधा पांढरा शर्ट घातला. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

तुझ्या पप्पांनी मला आधी बाजूला घेतलं होतं, हे व्हिडिओत नाही. पाण्याच्या टाकीमागे. आवाज अजिबात चढवला नव्हता. म्हणाले, पोरा, हे खाली उतरव, तुझ्या भावाला त्रास होईल. मी काय म्हणालो ते त्यांनी तुला सांगितलं का माहीत नाही. बहुतेक नसेल. मी म्हणालो, 'तीस वर्षं काढून तुम्हाला नाही मिळालं, म्हणून जळताय का?' त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रुमालानं चष्मा पुसला आणि स्टेजकडे गेले.

माईकवर ते बोलले ते मला पाठ आहे. 'गोरक्षचा पाय ड्यूटीवर गेलाय, त्याचा मान मोठाच आहे. पण हे पदक शत्रूच्या हातून झालेल्या जखमेचं असतं. गोरक्षनं ते कधी मागितलेलं नाही. तुम्ही त्याच्या छातीवर चिकटवू नका.' एवढंच. त्यात वाईट काय होतं, तेजू? आता हजारदा आठवलं तरी सापडत नाही. तेव्हा मात्र मला फक्त पुढच्या खुर्च्यांवरची कुजबुज ऐकू येत होती. मी त्यांची कॉलर धरली, त्यांचा चष्मा पडला. दादा खुर्चीचा हात धरून उठला. कुणाला धरू दिलं नाही. 'सुरज, साहेबांना सोड,' म्हणाला. मग त्यांच्यापुढे ताठ उभा राहून जय हिंद म्हणाला. पप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चष्मा न उचलताच निघून गेले.

आईनं दुपारी फ्लेक्स उतरवला आणि गोठ्यामागच्या वैरणीवर घातला, दादाचा चेहरा आत करून. मी विचारलं, उलटा का? 'लेकराच्या तोंडावर ऊन कशाला? न्हाई बगवत मला,' म्हणाली. दादाला तिनं त्या दिवशी बाजरीची भाकरी चुरून दिली, लहानपणी द्यायची तशी. त्यानं ती खाल्ली.

नंतर गावात माझं नावच पडलं, पदकवाले. कंपनीत लाइनवर पोरं म्हणायची, काय मानकरी, आज कुठलं लावलंय? एकाला मी पाना फेकून मारला, आठ दिवस घरी बसलो. त्या आठ दिवसांत मी ठरवलं की पदक खरंच आणायचं. दादाच्या ट्रंकेत त्याच्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. एकावर लिहिलेलं होतं की दुखापत लष्करी सेवेमुळेच झाली. मला तेवढं पुरे वाटलं. सेवेमुळे झाली ना, मग द्या. असा माझा हिशोब. चाकणला जाऊन अर्ज टाइप करून घेतला, दादाच्या नावानं. सही त्याची. म्हणजे मी केली. तीन दिवस वहीत गिरवली, कॉलेजच्या जर्नलमध्ये एवढी मेहनत घेतली असती तर आज फायनल इयरला असतो. एक अर्ज नाही, चार वेगवेगळ्या ठिकाणी पाठवले.

उत्तर आलं एका पानाचं. शत्रूच्या थेट कारवाईत जखम झालेली नाही, ही सरावातली दुखापत आहे, सबब पदकास पात्र नाही. तुझे पप्पा दोन वाक्यांत म्हणाले तेच. मी ते वाचलं, घडी घातली, हात धुतले आणि जेवायला बसलो. मला राग यायची वाट बघत होतो. आला नाही. तेव्हापासून आलेलाच नाही.

आणि परवा दादाचा फोन आला. नोकरीत असलेल्या जवानानं परस्पर बाहेर अर्ज करायचे नसतात, हे मला ठाऊक नव्हतं. चारही अर्ज फिरत फिरत त्याच्या युनिटमध्ये पोचले, सोबत जोडलेल्या फ्लेक्सच्या फोटोसकट. न मिळालेलं पदक छातीवर लावलेला त्याचा फोटो. साहेबांनी समोर उभं करून विचारलं, सही तुझी आहे का? दादा म्हणाला, माझीच. मला हे सगळं त्यानं किराणा सांगावा तसं सांगितलं. सोमवारी चौकशी आहे, शेरा बहुतेक वाईट येईल, तू मध्ये पडू नकोस, खोट्या सहीची पोलिस केस होते, तुझं वय काय. मी म्हटलं, दादा, तुझी वर्दी जाईल. तो म्हणाला, 'पाय गेला तेव्हा मी कुणाचं नाव घेतलं का?' आणि फोन ठेवला.

तुला आठवतं, तुझ्या इंटर्नल मार्कांवरून मी लॅबमध्ये सरांच्या अंगावर गेलो होतो आणि मग कॉलेजच सोडलं? तू तेव्हा म्हणाली होतीस, मी सांगितलं होतं का तुला? मी हसलो होतो. मला ते प्रेम वाटायचं.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, दादालाही नाही. सत्कार दादासाठी नव्हताच. तू म्हणाली होतीस, पप्पांना आधी तुझं घर दिसू दे, मग मी आपल्या लग्नाचं बोलते. कॉलेज सोडलेला, कंपनीत कंत्राटी पोरगा, माझ्याकडे दाखवण्यासारखं काय होतं? दादा होता. मी त्याचा गेलेला पाय तुझ्या मागणीसाठी चौकात टांगला. तोही कमी पडेल असं वाटलं, म्हणून त्यावर पदक लावलं. हे लिहितानाही अक्षर सरळ येतंय, याचंच थोडं भय वाटतं.

आता पत्र कशासाठी ते. अर्जाला जोडलेल्या फोटोत तुझे पप्पा फ्लेक्सखाली उभे आहेत, आणि मी अर्जात लिहिलं होतं की त्यांच्या हस्ते या पदकाबद्दल सत्कार झाला. त्यांचं नाव, हुद्दा, चिंचवडचा पत्ता, सगळं घातलं. त्यांनाही विचारणा येईल. हे पत्र त्यांना वाचायला दे, संपूर्ण, टाकीमागचं वाक्यही. त्यांनी माझ्यावर दया करून किंवा दादासाठी म्हणून काही झाकू नये, जे माईकवर बोलले तेच लिहून द्यावं. सही मी केली, फ्लेक्स मी लावला, दादानं काढ म्हणून सांगितलं होतं, असं मी दोन पानांवर लिहिलंय आणि खाली माझी स्वतःची सही केलीय. ते घेऊन मी नाशिकला, दादाच्या युनिटला चाललोय, सोमवारच्या आत. दादाला कळवलेलं नाही, या वेळी त्याला न विचारता करायचं एवढंच राहिलंय. पुढे जे होईल ते होईल. तू उत्तर देऊ नकोस. आईसाठी चुलीपाशी चिठ्ठी ठेवलीय, भाकरी झाकून ठेवलीय. पाकीट चिकटवतो, वाटेत पोस्टात टाकतो. नाशिकची एसटी अडीचला फाट्यावर येते. उठलो, बाहेर पडतोय, दार ओढून घेतो.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क न उरलेला,
सुरज