नारळ आधी फुटला

मंगळवार, सातारा. संध्याकाळ.

कराडच्या धावपट्टीवर माझ्या फ्लाइंग स्कूलसाठी विकत घ्यायचं ते जुनं, दोन सीटचं विमान आज तपासून घेतलं. पण तपासणीच्या आधीच आबांनी चाकापुढं नारळ फोडला! नवा ट्रॅक्टर आल्यासारखा. मी नको नको म्हणेपर्यंत विमानाच्या मालकानं खोबरं वाटलंसुद्धा. झालं, सौद्याचा शब्द गेला.

मग माझ्या इंजिनिअरनं पंखाखालचं झाकण काढलं, आत बॅटरी मारली आणि मला बोलावलं. पंखाच्या मुळाशी गंज, वर ताजा रंग फासलेला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, यात पोरांना शिकवणार तुम्ही?"

 घरी आल्यावर आबा म्हणाले, "नारळ फुटल्यावर माघार न्हाई, पोरी. चार माणसांनी बघितलंय." फौजेत उभा जन्म शब्दाला जागलेला माणूस. त्यांना खोटं पाडू? आणि तो पंख? त्याखाली मी बसणार, शेजारी कुणाचं तरी लेकरू.

आत्ता दिवा लावायला गेले, तर आबांच्या वाटणीचं खोबरं देवापुढं तसंच पडलेलं. प्रसाद कधी उरवत नाहीत ते.

मालकाला 'विमान घेत नाही' असं सांगायला फोन लावला. बाहेर आबांनी टीव्हीचा आवाज बारीक केला. नको मात्र म्हणाले नाहीत.