बॅजर्सचं बांधणीचं वर्ष

रविवार, १३ एप्रिल

हरले. १–११.

डायरी गेल्या वर्षीची आहे, कोरीच राहिली होती. टाकवेना. वार खोडून लिहिते आहे.

दीक्षाच्या बेसबॉलच्या टीमचं नाव बॅजर्स. ती पिचर, म्हणजे बॉल टाकणारी. गेल्या वर्षीचे चांगले पाच खेळाडू सोडून गेले आणि त्यांच्यातल्या एकाची बायको स्कोअर लिहायची, तीही गेली. दीक्षा म्हणाली, आई, तू घरचा हिशेब लिहितेस ना, हा पण तसाच आहे. मला वाटलं एका दिवसापुरतं. पण कोच वेनने स्कोअरची वही हातात दिली ती परत घेतलीच नाही. वेन प्लंबर आहे. आईवडील जमैकाचे, जन्म इथला, लेस्टरचा. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मला मिसेस जी म्हणतो. गजभिये म्हणायचा दोनदा प्रयत्न केला, दोनदा घसरला.

मॅच संपल्यावर सगळ्यांना गोल उभं करून म्हणाला, हे रिबिल्डिंगचं वर्ष आहे. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे क्रिकेटवाले. म्हणाले, "बांधायच्या आधी पाडावं लागतं. ते काम जोरात चाललेलं दिसतंय."

बुधवार, १६ एप्रिल

लीगच्या माणसाचा वेनला फोन. त्यांच्या वेबसाइटवर आमची मॅच ९–९९ अशी लागली आहे!

चूक माझी. आकडे मराठीत लिहिले. दहावीपर्यंत तेच लिहिले, हात तसाच वळतो. त्यांना आपला १ म्हणजे ९ दिसला. दीक्षा फोनवर इतकी हसली की तिला बोलता येईना. म्हणाली, वेन म्हणतोय त्यांचे नव्याण्णव कमी करा, आपले नऊ तेवढे राहू द्या, पोरांना बरं वाटतंय.

नवीन पान लिहून पाठवलं. इंग्रजी आकड्यांत. एक म्हणजे एक.

रविवार, २७ एप्रिल

हरले. ३–९.

आज ताळा शिकले. बॅटिंगला आलेला प्रत्येक माणूस एक तर धाव करतो, नाहीतर आऊट होतो, नाहीतर बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यावर, अडकून राहतो. तिन्हींची बेरीज केली की आलेल्या माणसांइतकी झाली पाहिजे. न झाली तर लिहिण्यात चूक. आज पहिल्या फटक्यात जमली. सगळे मान खाली घालून बुटांचे बंद सोडत होते आणि मला बरं वाटत होतं. कोणाला सांगितलं नाही.

रविवार, ११ मे

हरले. ०–७.

तिखट पुऱ्या नेल्या होत्या, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात. डबा उघडताना समर म्हणाला, आंटी, व्हॅनिला आहे का? समर इथे युनिव्हर्सिटीत शिकतो, टीममध्ये नवा. पुऱ्या सात खाल्ल्या. बेस एकही गाठला नाही.

मैदान लफबरोच्या वाटेवर. जाताना पस्तीस मिनिटं, येताना पस्तीस. दीक्षा मागच्या वर्षी वेगळी राहायला गेली तेव्हापासून घरी आली की डोकं फोनमध्ये. गाडीत हात स्टिअरिंगवर असतात, म्हणून बोलते. मी ऐकते. आठवड्यात तिची आणि माझी गाठ ती एवढीच.

सोमवार, १२ मे

बुद्ध पौर्णिमा. खीर केली. विहारात वंदनेला बसले पण मन तिसऱ्या इनिंगमध्ये होतं.

रविवार, २५ मे

४–५! शेवटच्या इनिंगमध्ये बरोबरीची धाव आणणारा माणूस तिसऱ्या बेसवर होता. तिथेच राहिला. मी वहीत 'अडकले' च्या रकान्यात एक लिहिला.

मॅचनंतर क्लबचे दोन जण आले होते. क्लबच्या दोन टीम आहेत, ही खालची. त्यांचं म्हणणं, ही बंद करून खेळाडू दुसऱ्या गावाच्या टीमला द्यावेत. वेनचा आवाज चढला. म्हणाला, या सीझनला एक तरी मॅच जिंकून दाखवतो. एक! नाही जिंकलो तर टीम मीच बंद करतो, तुम्हाला सांगायला यावं लागणार नाही. हात मिळवून मोकळा झाला. रागात दिलेला शब्द. पण सगळ्यांसमोर दिलेला.

परत येताना दीक्षा म्हणाली, बारापैकी आठ मॅच राहिल्यात. एक होईल ना आई? म्हटलं, होईल.

टीम बंद झाली तर रविवार बंद. हे मी तिला म्हटलं नाही.

रविवार, ८ जून

हरले. ५–८. आज वेगळंच झालं, ते नीट लिहून ठेवते.

बॅटिंगचा क्रम आधी कागदावर लिहून अंपायरला देतात. त्याच क्रमाने यायचं. आज आपला समर पाळी नसताना आला. मी वहीत बघितलं, पाळी दुसऱ्याची होती. समरने जोरात मारला, दोन धावा आल्या, सगळे नाचले. तेवढ्यात समोरचा कोच अंपायरकडे गेला. पुढचा बॉल पडायच्या आत तक्रार केली तर ज्याची खरी पाळी होती तो आऊट आणि धावा रद्द. तसंच झालं. पुढचा बॉल पडून गेला असता तर मात्र सगळं माफ होतं.

वेन माझ्या टेबलाशी आला. विचारलं, तुम्हाला दिसलं होतं? म्हटलं, हो. मग आधी का नाही बोललात? मी नियमाचं पुस्तक काढून पान दाखवलं. चुकीचा माणूस बॅटिंगला आला तर स्कोअर लिहिणाऱ्याने कोणालाही सांगायचं नाही. आपल्या टीमला नाही, दुसऱ्यांना नाही, अंपायरला नाही. फक्त लिहायचं. वेनने ते दोनदा वाचलं. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे, मिसेस जी. चुकीचं असतं तर मला जास्त आवडलं असतं."

रविवार, २२ जून

हरले. १–६. (मराठी १ लिहिणार होते, थांबले.)

गाडीत दीक्षाने सांगितलं, केंब्रिजच्या एका औषधांच्या लॅबमधून तिला बोलावलंय. पगार चांगला, काम तिच्या आवडीचं. म्हणाली, त्यांना अजून हो नाही म्हटलं. "मुलगी पिचर कुठलाच टीम घेत नव्हता आई. वेनने घेतला मला. आता हरताना त्याला सोडून कसं जाऊ?" (इथे वाढलेली, तिचं मराठी असंच.) म्हणाली, एक मॅच जिंकलो, टीम राहिली तर मी इथेच.

आईने काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. म्हटलं नाही. बरं वाटलं मला. तेही लिहून ठेवते.

रविवार, ६ जुलै

२–१२. पाऊस. वेनने छत्री माझ्या डोक्यावर नाही, वहीवर धरली.

रविवार, २० जुलै

हरले. ६–७.

जिंकत होतो. शेवटच्या इनिंगमध्ये एक साधा बॉल दीक्षाच्या दिशेने आला. हातमोज्यात आला आणि निसटला. त्याच्यावर दोन धावा. असं झालं की स्कोअर लिहिणाऱ्याने ठरवायचं – समोरच्याने चांगला मारला म्हणून हिट लिहायची की हिच्या हातून सुटला म्हणून एरर. हिट लिहिली तर समोरच्याचं कौतुक. एरर लिहिली तर ती हिच्या नावावर कायमची.

एरर लिहिली.

दीक्षाने येऊन वही बघितली. "आई, तो बॉल किती वाकडी आली होती." म्हटलं, वाकडा आला होता, पण हातात आला होता. ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाची आई असती तर तिने हिट लिहिली असती." समर म्हणाला, माझी आई तर होमरन (इथला सिक्सर) लिहील. कोणी हसलं नाही.

परत येताना तिने रेडिओ लावला. पस्तीस मिनिटं बातम्या ऐकल्या.

बुधवार, २३ जुलै

ह्यांना विचारलं, माझं चुकलं का? पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "अगं, तू अंपायरला जन्म दिला असतास तर तो तुला घाबरून घरी आला नसता." मग पेपर खाली ठेवून म्हणाले, फोन कर तिला. केला. भाजीचं बोललो.

रविवार, ३ ऑगस्ट

हरले. १–४. अकरावी. (मधल्या दोन इथे लिहायच्या राहिल्या, त्याही हरलेल्याच.) बॅजर्सच्या नावापुढे जिंकलेल्यांच्या रकान्यात शून्य. एक मॅच राहिली.

विचित्र आहे – आता पोरं आधीपेक्षा बरी खेळतात. समरला पाळी कळते. दीक्षाचा बॉल आता वळतो. आकडे सांगतात. पण आकड्यांकडे माझ्याखेरीज कोणी बघत नाही.

रविवार, २४ ऑगस्ट

शेवटची मॅच. क्रमाने लिहिते.

सात इनिंगची मॅच, प्रत्येक इनिंगमध्ये दोघांची तीन-तीन आऊटपर्यंत बॅटिंग. सातवी सुरू झाली तेव्हा आपण ६–५ पुढे. समोरच्यांची बॅटिंग. दोन आऊट झाले, एक राहिला. त्यांची दोन माणसं बेसवर. वेन बसत नव्हता, उभाही राहत नव्हता. क्लबचे दोघंही आले होते.

पाळी पाच नंबरच्या माणसाची होती. आला सहा नंबर. दोघंही उशिरा आत घेतलेले बदली, दोघं उंच, दोघांची हेल्मेट सारखी. पाठीवरचा आकडा मी दोनदा वाचला. वहीत बघितलं. परत वाचला. माझ्या शेजारी समोरच्या टीमचा स्कोअर लिहिणारा म्हातारा बसला होता. त्याचीही पेन्सिल थांबली. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांनी परत माना खाली घातल्या.

सहा नंबरने मारला. दोन धावा आल्या. ६–७.

पुढचा बॉल पडायच्या आत कोणी तरी एक शब्द बोलायला हवं होतं. तो पाच नंबर आऊट, त्या धावा रद्द, मॅच तिथेच संपली असती. आपण जिंकलो असतो. बारा मॅचमधली एक. वेन डोकं धरून बसला होता, त्याला काही कळलं नव्हतं. तो माझ्यापासून चार पावलांवर. नुसतं खोकले असते तरी त्याने वळून बघितलं असतं.

दीक्षा बॉल हातात घेऊन उभी होती. बराच वेळ. दमली असेल असं वाटलं. माझ्या टेबलाकडे बघत होती. मी वहीकडे बघितलं.

मग तिने बॉल टाकला.

त्यानंतरचं काय लिहायचं. पुढचा आऊट झाला, आपली बॅटिंग आली, तिन्ही आऊट. ६–७. बारा हार. म्हाताऱ्याने खिशातून पेपरमिंट काढून माझ्यासमोर सरकवलं. वहीत खरं तेच लिहिलंय, पाचच्या जागी सहा. ज्याला वाचता येईल त्याला दिसेल.

वेन आला, क्लबच्या दोघांशी हात मिळवला. शब्द पाळला. मग पोरांकडे गेला आणि एकेकाला मिठी मारली. माझ्याकडे येऊन म्हणाला, वही तुमच्याकडेच ठेवा, मिसेस जी.

ताळा जमला.

गुरुवार, २८ ऑगस्ट

विहारात रंभाबाईंना सांगितलं. मोठ्या आहेत, वंदना त्याच घेतात. विचारलं, खोटं बोलू नये हे शील मी पाळलं. गप्प बसणं खोटं आहे का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बेसबॉल म्हणजे काय ते दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाल्या, "शील मोडलं नाहीस ना? मग इथवर विचारायला का आलीस?"

चटया गुंडाळायला मदत केली.

रविवार, ३१ ऑगस्ट

सकाळी आठला तयार होऊन बसले. मग आठवलं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

दीक्षाने केंब्रिजला हो कळवलं. टीम नाही, मग इथे काय, म्हणाली. हे म्हणाले, छान झालं. मीही म्हणाले. छान आहेच.

रविवारी किती वाजता फोन करेल ते विचारलं. म्हणाली, बघू.

शनिवार, १३ सप्टेंबर

सामान गाडीत भरून झालं. दीक्षा आत बसली, हे टायर बघायला मागे गेले. तिने काच खाली केली. "मला पण दिसला होता आई, सहा नंबर. म्हणून बॉल धरून उभी होती. म्हटलं, आई बोलली तर मी राहणार."

मी म्हटलं, सावकाश चालव.