काळी म्हणून नोंदलेली

रविवार, ७ डिसेंबर

प्रिय मावशी,

सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल आधी माफी. ‘कामांमुळे जमलं नाही’ असं लिहिणार होतो, पण तू वाचता वाचताच हसशील. दर वर्षी नव्या डायरीच्या पहिल्या पानावर ‘मावशीला पत्र’ असं लिहायचं आणि ते पान उलटून पुढे जायचं, एवढंच मी इमानेइतबारे केलं.

तुझी मांजर, शाई, मजेत आहे. अकरा वर्षांची झाली, दोन दात पडले, पण तोरा कमी नाही. खिडकीतल्या माझ्या खुर्चीवर बसते आणि मी आलो की ‘आलास का पुन्हा?’ अशा नजरेनं बघते. थंडीचे केस इतके दाट आलेत की गळ्याभोवती मफलर गुंडाळल्यासारखी दिसते. तू लेकीकडे राहायला जाताना तिला माझ्या हातात दिलीस आणि बजावलंस, रोज विंचर, मुळापासून विंचर, वरवर कंगवा फिरवू नकोस. ते काम पहिल्या आठवड्यातच बायकोकडे गेलं, हेही आता कबूल करून टाकतो.

हल्ली मला तुझी मागची, मांजरांच्या पिल्लांची खोली फार आठवते. पदवी घेऊन तीन वर्षं घरी बसलो होतो, तेव्हा आईची मैत्रीण म्हणून तू मला बोलावून घेतलंस आणि उंदीर पकडायला लावावं तसं कामाला लावलंस. उत्तरेकडची खिडकी, तिच्याखाली बुटकं स्टूल, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर पिल्लू. मांजरवाले ज्याला निळा म्हणतात तो खरं तर राखाडी असतो, हे तिथे कळलं. पिल्लांच्या अंगावरचे पुसट पट्टे चार महिन्यांत जिरून जातात, तांबड्या-काळ्या ठिपक्यांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हेही. आणि स्मोक. टोकाला काळा, मुळाशी पांढरा. बसलेली असली की कोळशासारखी काळी, चालायला लागली की आतून धूर हलल्यासारखं दिसतं. सहा आठवड्यांच्या पिल्लात मात्र हे ओळखता येत नाही, म्हणून फुंकर मारायची, केस दुभंगू द्यायचे आणि कातडीपाशी बघायचं. तू म्हणायचीस, माणसाच्या पहिल्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीस ना, मग पिल्लाच्या पहिल्या रंगावरही ठेवू नकोस. पुढे मांजरांच्या क्लबमध्ये नोंदणी कारकुनाची जागा निघाली, तेव्हा माझं नाव तूच सुचवलंस. शाईसकट पाच पिल्लांची नोंद ही माझ्या पहिल्या महिन्यातली.

गेल्या महिन्यात बायको तिच्या आईकडे गेली होती. आठ दिवसांत शाईच्या काखेत गाठ झाली. ती बोटांनी सोडवत कातडीपर्यंत गेलो आणि थांबलो. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या पाठीवर फुंकर मारली. मावशी, मुळाशी सगळी पांढरी. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, अहो, ती पहिल्यापासून तशीच आहे! रंगांचे साहेब तुम्ही, मला वाटलं तुम्हाला माहीत असणार.

मग अकरा वर्षांपूर्वीची डायरी काढली. ‘पाच पिल्लं, पाचही काळी. मला सर्दी. फुंकर मारली नाही, पिल्लांना लागायला नको.’ किती सात्त्विक वाटतं वाचायला! सर्दी होती तर आठ दिवसांनी परत यायचं होतं. पिल्लांची आई स्मोक, तरी पाचांत एकही स्मोक कसं नाही, याचं मला नवलसुद्धा वाटलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला एकदा लिहायचं आहे. शाईला पिल्लं झाली, त्यांत दोन स्मोक निघाली. स्मोकचा नियम साधा आहे. आईबापांपैकी एकाचे तरी केस मुळाशी पांढरे हवेत. बोका काळा, शाई माझ्या नोंदवहीत काळी. मग तू पिल्लांच्या बापाचं नाव खोटं लावलंस, असं समितीनं ठरवलं. जे तुला कौतुकानं ‘वाघाची मावशी’ म्हणायचे, तेच कोपऱ्यात कुजबुजत होते. बाळंतपणानंतर शाईचे केस झडून ती खारीएवढी झाली होती, तिच्याकडे बघून काही कळण्यासारखं नव्हतं. म्हणून अध्यक्षबाईंनी मला विचारलं, नोंद करताना मुळापासून पाहिलं होतंत ना? मी म्हणालो, हो.

त्या ‘हो’चा मी महिनाभर काथ्याकूट करतोय. एरवी मी फुंकर मारतोच, म्हणून सवयीनं आलेला तो हो होता का? की आठवत होतं आणि मी आठवू दिलं नाही? मला कायम करायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं. त्या दिवशीची डायरीही सापडली. ‘मावशी काही बोलली नाही. बरं झालं.’ ज्याला काहीच माहीत नाही, तो ‘बरं झालं’ असं कशाला लिहील? मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. मी तर वर डायरीही लिहिली.

खरं तर तू बोललीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, तो पाहिलं म्हणतोय ना, मग पाहिलं असेल. तुला शाईचा रंग माहीत नव्हता, हे शक्यच नाही. दोन वर्षं तूच तिला विंचरत होतीस. नोंद चुकली, हेही तुझ्या केव्हाच लक्षात आलं असणार. चार महिने थांबा, केस येऊ द्या, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मग तुझं नाव राहिलं असतं आणि माझी जागा गेली असती. कदाचित मी सोयीचा अर्थ लावत असेन, तुझ्या मनात दुसरंच काही असेल. पण त्या एका वाक्याची जागा तू रिकामी ठेवलीस आणि त्या रिकाम्या जागेवर माझा संसार उभा राहिला. माझी मुलगी चौथीत गेली, मावशी. तिच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून आजपर्यंत प्रत्येक दिवसात तुझा वाटा आहे. वीस वर्षं तू सांभाळलेलं नाव त्यात गेलं आणि वर तू मला तुझी मांजर दिलीस. शिव्या दिल्या असत्यास तर फेडायला सोपं गेलं असतं. याचे आभार कसे मानतात, ते मला कुणी शिकवलं नाही.

पत्र लिहायचं कारण आता सांगतो. शुक्रवारी मी समितीला अर्ज दिला. चुकीची नोंद, खोटा ‘हो’, सगळं लिहिलं, दोन्ही डायऱ्यांची पानं जोडली. तुझं नाव बैठकीत जाहीरपणे स्वच्छ करावं आणि क्लबच्या पत्रकात तसं छापावं, अशी मागणी केली. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस आणि मी लगेच ऐकलं असतं. माझी जागा राहील असं वाटत नाही. बायको म्हणते, गेली तर गेली, घरी बसून शाईला विंचरा. अध्यक्षबाईंनी उद्या सगळ्या समितीला बोलावलं आहे, मांजर समोर आणा म्हणाल्या. बैठक झाल्यावर, हे पत्र तुला पोहोचलं की फोन करीन. रागावलीस तरी उचल.

तुझाच,
कारकून

डायरी, ७ डिसेंबर. उद्या : शाईला टोपलीत घालून सकाळी अकराला क्लबमध्ये नेणे.