पेत्राचा हात

प्रिय पप्पा,

श्रूजबरीहून तुम्हाला आणि मम्मीला आम्हा सगळ्यांचा सलाम. इथे इंग्लंडात थंडी ओसरलीय, आणि मम्मीचा काळा मसाला अजून पुरतोय.

रविवारी संडे स्कूलमध्ये मी प्रेषित पेत्राची गोष्ट घेतली. मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला त्याने चालतं केलं, ती. तुम्ही चर्चमध्ये सांगायचात तसंच सांगितलं, की चमत्कार म्हणजे नुसती घंटा. लोक जमले की खरी सुवार्ता पुढेच. मग मुलांकडून नाटक करून घेतलं. तुमची नात अनिका पांगळा झाली. पेत्र झालेली तिची मैत्रीण लांबूनच ओरडली, "ऊठ!" ही ढिम्म. इंग्रजीत म्हणते कशी, "आधी हात दे. बायबलमध्ये त्याने दिलाय."

पाळकाची मुलगी असून तो हात माझ्या कधी लक्षातच आला नव्हता, पप्पा!

तुमच्या गुडघ्यासाठी आम्हीही रोज प्रार्थना करतो. पण ऑपरेशनची तारीख तुम्ही दोनदा पुढे ढकललीत, असं मम्मी म्हणाली. प्रभू बरं करील, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. आता ठरलेल्या बारा तारखेला आपला विल्सन गाडी घेऊन दाराशी येईल आणि तुम्हाला उठवायला हात पुढे करील. माझ्या या भावाला मी सगळं सांगून ठेवलंय.

तेवढा हात धरा.

तुमची,
रूथ