लेकीने धुवायची हाडं

बोळिंज, १८ फेब्रुवारी १९७९

चि. सुझानस बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

येथे क्षेम. केळी बऱ्या आहेत. मोतीबिंदू अजून पिकला नाही म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत. अक्षर ओळ सोडून पळालं तर जुन्या मास्तराला हसू नकोस.

पत्रास कारण, आईला जाऊन पाच वर्षं झाली. दफनभूमीत जागा पुरत नाही, त्यामुळे ईस्टर झाल्यावर तिची कबर उघडतील. एरवी हाडं धुऊन चर्चमागच्या अस्थींच्या विहिरीत सोडतात, ते तुला ठाऊक आहे. मी मात्र फादरांच्या मागे लागून परवानगी मिळवली. तिची हाडं पेटीत राहतील आणि माझी वेळ आली की माझ्याच कबरीत ठेवतील. आता मला एवढीच एक इच्छा उरली आहे.

आपल्या घरात आईची हाडं लेकीने धुवायची. मातीच्या वेळी तू नव्हतीस. तार त्या जंगलातल्या तंबूत नऊ दिवसांनी पोचली, यात तुझा दोष नाही. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या परक्या जनावरांची हाडं तू दातांच्या ब्रशाने घासत बसतेस, असं तूच लिहितेस. जन्मदातीसाठी आठ दिवस काढ.

आठवण ठेवतेसच, ती पत्रातही उतरू दे.
तुझा बाबा

कलकत्ता, ६ मार्च १९७९

ती. बाबांस सुझानचा शि. सा. न. वि. वि.

येते. रजा मंजूर झाली आहे. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तिचा चेहरा शेवटचा पाहिला नाही आणि आता एकदम हाडंच बघायची.

माझ्या परक्या जनावरांची खबर ऐका. प्राणहिता नदीकाठच्या लाल मातीत सगळी एकमेकांत मिसळून सापडतात. पोपटासारख्या चोचीचे ढब्बू पाला खाणारे, सुसरीसारखे लांब जबड्याचे, आणि क्वचित एखादा अगदी सुरुवातीचा डायनोसॉर, आपल्या कुत्र्याएवढा. त्याला ओळखायचं ते कमरेवरून. इतरांच्या कमरेची खोबण वाटीसारखी बंद असते, याची आरपार उघडी. मांडीच्या हाडाचं डोकं आत वळलेलं असतं, म्हणून पाय फाकत नाहीत, सरळ अंगाखाली येतात. सरडा आणि कोंबडी यांच्या चालीत जो फरक, तो तिथून सुरू झाला. आई लंगडायची ना, त्यामुळे मी लहानपणापासून सगळ्यांची चालच बघत आले.

एक फजितीही सांगते. डायनोसॉरची मांडी मी चार महिने सुसरीच्या कुळातल्या कमरेला जोडून ठेवली होती. जवळजवळ बसत होती. मला अख्खा डायनोसॉर हवा होता, म्हणून तो दिसला. सरांनी एक शब्द न बोलता दोन्ही हाडं वेगळी करून ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

डोळ्यांना जपा. लोभ आहे तसाच राहू द्या.
आपली सुझान

बोळिंज, ६ मे १९७९

चि. सुझानस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून मला शांत झोप लागते. शेजारची फ्लॉसी म्हणाली की इतक्या मायेने हाडं धुताना तिने कुणाला पाहिलं नाही. मला आपला पांढरा ढीगच दिसत होता, पण मी विचारल्यावर तू म्हणालीस की आईच आहे, तेव्हा मी तिथेच बसलो.

पेटी फादरांच्या ताब्यात दिली आहे. रोज चर्चमध्ये मिस्सा झाली की जाऊन तिच्यावर हात ठेवतो. तू जेवलीही नाहीस आणि संध्याकाळीच निघालीस, ते मनाला लागलं. माझं काही चुकलं का?

पोचल्याचं कळव आणि बाबाला विसरू नकोस.
तुझा बाबा

कलकत्ता, २० मे १९७९

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं काही चुकलं नाही. मी खोटं बोलले. पेटीत आई नाही.

घरच्या विहिरीच्या काठावरून पडून तिची उजवी मांडी मोडली होती आणि हाड वाकडंच सांधलं. मी धुतली ती दोन्ही मांडीची हाडं सरळ होती, लांब होती. कंबरही पुरुषाची, अरुंद. तुम्ही समोर काठीवर हनुवटी टेकून उभे होता. माझ्याने बोलवलं नाही. गाडीत बसले तेव्हा ठरवलं होतं की कधीच सांगायचं नाही. पण तुम्ही रोज त्या पेटीवर हात ठेवता हे वाचलं आणि राहवलं नाही.

मला वाटतं, तो पलीकडच्या कबरीतला, आपल्या गावातला एकटा बॅप्टिस्टमामा आहे. तसा उंच तोच होता. मग आई त्याच्या क्रुसाखाली असेल. ती कबर अजून उघडली नसेल तर मी लगेच येते. उघडली असेल तर विहिरीत उतरून शोधते. हजार हाडांतून मी तिची मांडी ओळखीन, माझं कामच ते आहे.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर पाठवा.
आपली सुझान

बोळिंज, २ जून १९७९

चि. सुझानस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भिंग धरून तीनदा वाचलं. रागावलो नाही. चूक माझ्या हातची आहे.

आई गेली त्या वर्षी, नोव्हेंबरातल्या मृतांच्या दिवसाआधी, तिचा लाकडी क्रूस उपटून त्याच्या बुडाला डांबर लावलं, वाळवी लागू नये म्हणून. बॅप्टिस्टला मागे कुणी नव्हतं, तर त्याचाही घेतला. दोन्ही घरी आणून वाळवले आणि चार दिवसांनी नेऊन रोवले. तोवर दोन्हीकडे गवत सारखंच वाढलं होतं, तिथेच अदलाबदल झाली. इतकी वर्षं मी मेणबत्त्या बॅप्टिस्टपुढे लावल्या.

ती कबर गेल्या वर्षी उघडली. बॅप्टिस्टची म्हणून कोणी आलं नाही. फादरांनी विचारलं, तर मीच पुढे झालो. धुतलं नाही, वरून एक कळशी ओतली. टोपली उचलली तेव्हा एवढ्या उंच माणसाचं ओझं इतकं हलकं कसं, असं मनात आलं होतं. केळ्यांचा व्यापारी घरी खोळंबला होता, म्हणून एकच प्रार्थना पुटपुटलो, टोपली विहिरीत पालथी केली आणि परत फिरलो. वाकून पाहिलंसुद्धा नाही. सुझान, ती टोपली मी पालथी केली.

तू विहिरीत उतरू नकोस. तिथे पुष्कळांच्या आया आहेत, त्यांना चाळू नये. बॅप्टिस्ट राहू दे पेटीत. तू त्याला नीट धुतलंस, निदान त्याला तरी कुणीतरी मिळालं. फादरांना मी आज सांगून आलो की माझ्या कबरीत काही ठेवायचं नाही, आणि माझी पाच वर्षं भरली की मलाही त्याच विहिरीत सोडायचं.

तेव्हा तू ये. माझी हाडं तूच धू, आणि घाई करू नकोस.

तुझा बाबा