कोपऱ्यातल्या खोलीची बेल

घाटकोपर,
ऑक्टोबर १९८४

प्रिय रत्नाताई,

तुझ्या धाकट्या मावसबहिणीचा, म्हणजे जयाचा, वाकून नमस्कार (मस्कतपर्यंत हात पोचत नाहीत, पण वाकले आहे). तुझी कंबर कशी आहे? तिथे पेशंट उचलायला वेगळी माणसं असतात असं तूच लिहिलंस, मग ती दुखते कशाने, हे आईला कळत नाही. आई मात्र ठणठणीत आहे. मी तुझ्याकडे नर्स म्हणून निघाले, हे तिने अख्ख्या चाळीला सांगून टाकलंय आणि शेजारच्या वसुधाकाकूंनी आत्तापासूनच सेंटची बाटली मागून ठेवलीय.

मस्कतच्या नोकरीसाठी मरोळला दिलेल्या मुलाखतीचं काय झालं, असं तू विचारलंस. सांगते, पण आधी सुंदराबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या हॉस्पिटलात कोपऱ्यातल्या खोलीत या मालवणकडच्या आजी होत्या. दिवसभर बेल वाजवायच्या. धावत जावं तर म्हणायच्या, "काय नाय गो बाय, कोण आसा काय ता बघलंय." मे महिन्यात त्या गेल्या. डोळे मीच मिटले. पुढे पावसात छत गळायला लागलं म्हणून तिथे दुसरा पेशंट ठेवला नाही.

आणि एके दिवशी भर दुपारी, जेवणं आटपून वॉर्ड सुस्तावलेला असताना, बेल वाजली. आमच्या टेबलामागच्या फळ्यावर कोपऱ्यातल्या खोलीचा लाल दिवा लागलेला. मी गेले (बेल वाजली की पाय आपोआप उठतात, तुला सांगायला नको). आत कोणी नव्हतं. पण उशीला डोक्याएवढा खळगा पडला होता. चादरीला हात लावला, ती ऊबदार होती. आणि आजींच्या बामचा वास, ताजा! मला ओरडायचं होतं, पण तोंडातून सवयीने निघालं, "काय हवंय, आजी?"

त्यानंतर बेल अधूनमधून वाजायलाच लागली. आमची आया चंपा तर कानाला हात लावून म्हणाली, "सिस्टर, त्या खोलीत मी मेले तरी पाय ठेवणार नाही." मेट्रनबाई म्हणाल्या, "हॉस्पिटलात भुतं नसतात. आणि असली तर त्यांनी भेटीच्या वेळेत यावं." त्यांनी खंडू इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने खोलीतली वायर कापून हातात धरली, "आता वाजली तर मिशी काढतो!" दुसऱ्या दुपारी वाजली. (खंडू आता ओळखू येत नाही.)

कापलेल्या वायरीचं टोक भिंतीतून लोंबतंय, आणि फळ्यावर दिवा जळतोय. तरी गेले, स्टुलावर बसले आणि म्हटलं, "आजी, मी आहे." बराच वेळ काहीच झालं नाही. फक्त एकटी असल्यासारखं वाटत नव्हतं. त्यानंतर मी रोज दुपारी तिथे थोडी बसायला लागले. बेल थांबली.

मग मरोळची मुलाखत. कारखान्यांच्या मागे दोन खोल्यांचं ऑफिस, श्यामकांत नावाचे सभ्य गृहस्थ. सगळं झकास चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "सध्याची नोकरी का सोडताय?" आणि बेल वाजली. तीच, खरखरत वाजणारी. मी "आले, आजी!" म्हणत दारापर्यंत पोचलेसुद्धा. मागे वळले तर ते घाबरून बघतायत. म्हणाले, "सिस्टर, इथे बेलच नाही. आणि सकाळपासून लाइटही नाहीयेत."

वाट लागली, असं समजून घरी आले. तर त्यांनी मला निवडलं! म्हणाले, इतकी तत्पर नर्स त्यांनी पाहिली नव्हती.

ताई, मी येत नाही. भूत आडवं आलं, असं तू समजायला हरकत नाही.

तुझी,
जया

ता. क. हे पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज चंपाने रडत कबूल केलं. दुपारी ती त्या खोलीत झोपायची, आजींचा उरलेला बाम कपाळाला चोळून. कोणी तिकडे फिरकू नये म्हणून बेलही तीच वाजवायची आणि मागच्या गॅलरीतून सटकायची. मी रोज बसायला लागल्यावर तिची झोप गेली. मी विचारलं, "आणि वायर कापल्यावर?" ती म्हणाली, "त्या दिवशी मी चेंबूरला बहिणीकडे होते. वायर कापूनही बेल वाजली हे कळल्यावर घाबरले; तुम्ही निरोप पाठवलात म्हणून मी परत तरी आले. नाहीतर नोकरीच सोडणार होते."

ता. क. २. खरं सांगते. बेल वाजली नसती तरी मी नाहीच म्हटलं असतं. मला इथलंच काम आवडतं, पण हे कारण आईला पुरत नाही. तू तिला लिही की तिकडची भरती बंद झाली.

ता. क. ३. तुझी पत्रं मी पुन्हा वाचली. तिथल्या एसीचं, दुकानांचं, समुद्राचं सगळं आहे. तुझ्याशी कोण बोलतं, ते एकातही नाही. आमच्याकडे स्टाफ नर्सची एक जागा रिकामी आहे. मेट्रनबाईंना मी तुझं नाव सांगून टाकलंय. रागावलीस तर इथे येऊन रागव.