बिशपचा डावा पाय

बॅलीकिअर,
सोमवार, ९ मार्च १९८७

प्रिय फिंटन,

तुझी चिठ्ठी मिळाली. इकडे सगळं ठीक. शाळेत निम्मी मुलं गालगुंडाने घरी आहेत. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस म्हणून मी चहातली साखर सोडली आहे. त्यामुळे पत्र कडू वाटलं तर समजून घे.

शनिवारच्या तीन मैलांच्या अडथळा-शर्यतीबद्दल माझं मत विचारलंस. साप्ताहिकात ‘जुना शिकारी’ या नावाने शर्यतीच्या टिपा देते ती मी, शाळेतली मास्तरीण, हे गावात फक्त तुला ठाऊक. तर ऐक. चांगल्या घोड्यावर जास्त वजन हा या शर्यतीचा नियमच, त्यामुळे सगळ्यांत जड ओझं कर्फ्यू बेलवर. खानदानी घोडा, पण एवढं शिशाचं वजन पाठीवर घेऊन शेवटची चिखलातली चढण त्याला झेपणार नाही. मिस्टर टॅलो उड्या देखण्या मारतो, पण शेजारी कुणी आलं की बिचकतो. ग्रे विडो ही घोडी प्रामाणिक. माझी पसंती तिला.

तू म्हणशील, आणि आपला घोडा, रेड बिशप?

काल रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर चर्चच्या फाटकाशी पबवाल्या मॉसीने मला गाठलं.

“काय बाई, भाऊ भारी बेरकी हं तुमचा! तीन शर्यती घोडा मागे मागे ठेवला, आणि वजन कसं उतरवून घेतलं! आता पिसासारखा उडणार बघा.”

“त्याने मागे ठेवला नव्हता,” मी म्हटलं.

“छे छे, ठेवेल कसा! देवमाणूस तो!” मॉसीने डोळा मारला आणि भोवतालची चौघं खदाखदा हसली.

उपासासाठी दारू सोडलेल्या माणसांनी वाचलेला पैसा बिशपवर लावायला काढून ठेवलाय. तू वजन ठरवणाऱ्यांना फसवलंस, असं त्यांना वाटतं. आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, फिंटन! ओठांवर अजून प्रार्थना होती त्यांच्या. मला किळस आली.

तिथून तुझ्याकडे आले, तर तू बाहेर गेलेला. बिशप ओढ्यात उभा होता, डिम्पना त्याची दोरी धरून.

“आत्या, टीप दे ना! नाहीतर सरळ माझ्यावरच लाव.”

“हा पाण्यात कशाला?”

“रोज उभा करतो. बाबा म्हणतात, त्याला आवडतं.”

मी त्याला बाहेर काढायला लावलं. पाय वाळेपर्यंत थांबले, मग हात लावून पाहिला. उजवा गार. डावा, गुडघ्याखाली, भट्टीतून काढलेल्या पावासारखा. मागची शीर सुजलेली. डिम्पनाचं हसू गेलं.

“बाबांना माहीत आहे,” ती म्हणाली. “शनिवारपर्यंत उतरेल म्हणतात. आत्या, त्यांना विचारू नकोस हं.”

म्हणून विचारत नाही. सांगते. तू बिशपला मागे ठेवलं नव्हतंसच. दुखत होतं म्हणून तो मागे राहिला. गावाने लबाड म्हटलेलं तुला चालतं, लंगड्या घोड्याचा ट्रेनर म्हटलेलं चालत नाही. आणि उतारावरच्या कुंपणापलीकडे पाय टेकताना ती शीर तुटली, तर त्या धुडाखाली कोण सापडेल? पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या शर्यतीत उतरणारी तुझी पोरगी.

मला खरंच तिची काळजी आहे, की मीच काय ती खरी हा माज आहे, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. थोडा माजही असेल. त्याने पायाची सूज कमी होत नाही.

माझा लेख बुधवारी दुपारी छापायला जातो. त्याआधी नाव मागे घेतलंस, तर मी एवढंच लिहीन: ‘रेड बिशप धावणार नाही.’ मॉसी पुन्हा डोळा मारेल. म्हणेल, फिंटनने याहून मोठ्या शर्यतीसाठी राखून ठेवला! मारू दे. त्या घाणेरड्या कौतुकाआड लपायला मीच तुला जागा करून देते आहे, आणि हे लिहिताना माझीच मला शिसारी येते. तरी घे ती जागा.

नाहीतर पायाबद्दल छापेन, आणि खाली माझं खरं नाव घालेन. मग या गावात आपल्या दोघांनाही तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

डिम्पनाने टीप मागितली होती. ती या पत्रातून तुझ्या हाती पाठवते आहे.

तुझी बहीण, पण आज त्याआधी तिची आत्या,
असुम्प्टा